हौदावरची खुंटी

मु. फोपनार, जि. बुऱ्हाणपूर
(हो, आता जिल्हा खंडवा लिहायचं नाही. आपण वेगळे झालो.)

प्रिय फूलफाड्या शारदे,

तुझं पत्र परवा पोचलं. गिरधर पोस्टमन दारातूनच ओरडला, भागाबाई, पुण्याचं जाड पाकीट आहे, नातीनं आख्खी वही पाठवली की काय! त्याला पाणी दिलं, चहा दिला, तरी उठेना. म्हणे, वाचून दाखवू का? म्हटलं, घरात सातवी पास सून आहे माझी, तू तुझी सायकल सांभाळ. तर तुझ्या आईनंच ते वाचून दाखवलं आणि आता हे उत्तरही तीच लिहितेय. मी ओट्यावर पाय सोडून बसलेय, ती समोर पाटावर कागद घेऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिला आधीच बजावलंय, मी बोलेन तसंच उतरवायचं, माझा शब्द खायचा नाही आणि आपल्या पदरचा घालायचा नाही. म्हातारीला वाचता येत नाही म्हणून ही काहीही लिहील आणि मी मान डोलवीन, असं तिला वाटत असेल तर तसं नाही. पाकीट डकवायच्या आधी मी सगळं गिरधरकडून वाचून घेणार आहे. हेही लिही म्हटलं. लिहिलं म्हणते. बघू.

तू विचारलंयस, की तुझा प्रबंध महिनाअखेरीला छापायला जातोय, त्याच्या पहिल्या पानावर माझं नाव टाकायचंय, तर नुसतं भागाबाई टाकू की नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव सगळं टाकू. आणि त्या पानावर काय येणार तेही लिहून पाठवलंस, ‘माझ्या आजीस, जिच्या हातानं खुंटीलाही पालवी फुटली.’ पोरी, माझं नाव आजवर एकदाच छापलं गेलंय, तुझ्या बापाच्या, रमेशच्या, लग्नाच्या पत्रिकेत, तेही तुझ्या आजोबांच्या नावाखाली, कोपऱ्यात, इतकं बारीक की मुंगी समजून कुणी झटकून टाकावी. आता मी इंग्रजी पुस्तकाच्या पहिल्या पानावर चढणार! परवापासून मी गल्लीत जरा ताठच चालतेय. पण थांब. ते पान छापायला देऊ नकोस. नावाची जागा कोरी ठेव. का ते सांगते, पण माझ्या चालीनं सांगते. गुडघे दुखणाऱ्या बाईची चाल आहे ती, जागोजागी बसत बसत येणार.

आधी तुला बुऱ्हाणपूरची गंमत सांगते. मागच्या बुधवारी तुझा बाप मला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत घेऊन गेला, म्हातारपणाच्या पेन्शनचा कागद करायला. तिथं खिडकीत एक कोवळा कारकून, मिशी नुकतीच फुटलेली. अंगठा लावताना मी सहज म्हटलं, माझी नात डॉक्टर होतेय. तो म्हणाला, अच्छा अम्मा, कौनसे अस्पताल में? मी म्हटलं, अस्पतालवाली नव्हे, फूलों की डॉक्टर. तो हसला. म्हणाला, फूलों को क्या बीमारी होती है? झालं. मी काठी टेकली, पदर खोचला आणि त्याला तिथंच उभं राहून सगळं समजावलं. तू माझ्याकडून घोकून घेतलं होतंस तसं. फुलाचे चार फेर असतात. बाहेरचा हिरव्या वाटीचा, मग पाकळ्यांचा, मग पिवळ्या परागांच्या तुऱ्याचा, आणि सगळ्यांत आत बीजाचं पोट. पण कळी राईच्या दाण्याहून बारीक असते तेव्हा तिच्या अंगावर नुसते फुगवटे असतात, सगळे एकसारखे. कोणता फुगवटा पाकळी होणार आणि कोणता तुरा, ते बघून कुणालाच सांगता येत नाही. ते ठरवतात जनुकं. तुझ्या पुस्तकात त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत, ती काही माझ्या ध्यानात राहत नाहीत. मी म्हटलं, आपल्याकडं केळी कापायला टोळी येते आणि वर मुकादम असतो, तसे हे तीन मुकादम समजा. सुपडू, निंबा आणि यादव.

कारकून ऐकायला लागला तसा मला जोर चढला. म्हटलं, बाहेरच्या फेरावर एकटा सुपडू उभा असतो. त्याच्या हुकमानं हिरवी वाटी बनते. दुसऱ्या फेरावर सुपडू आणि निंबा दोघं मिळून हुकूम देतात, तिथं पाकळी. तिसऱ्यावर निंबा आणि यादव, तिथं तुरा. आणि मधोमध यादव एकटा, तिथं बीजाचं पोट. यादवाकडं अजून एक काम, बस्स, झालं, आता टोळी घरी, असं सांगायचं. आणि सुपडूचं नि यादवाचं जन्माचं वाकडं, जिथं एक उभा तिथं दुसरा फिरकणार नाही. त्या पोरानं पेन खाली ठेवून विचारलं, और यादव नहीं आया तो? शहाणं लेकरू. म्हटलं, यादव आला नाही की सुपडू आख्खं शेत बळकावतो. मग तुऱ्याच्या जागीही पाकळ्याच. पोटाच्या जागी परत एक नवं फूल, त्याच्या आत परत पाकळ्या, त्याच्या आत परत. थांबा म्हणणारा कुणी नाही ना! दिसायला असं भरगच्च फूल, की बघणाऱ्याची नजर हलू नये. पण बी धरत नाही. एवढं होईपर्यंत मागं रांग दारापर्यंत गेली होती आणि तुझा बाप खांबाआड तोंड लपवून उभा होता. रांगेतली एक बाई म्हणाली, बोलने दो ना अम्मा को, हमारे घर भी है वैसा फूल. शारदे, त्या दिवशी माझा कागद सगळ्यात आधी झाला.

तुला वाटलं असेल म्हातारी पुण्याचं सगळं विसरली. मागच्या माघात तू मला तुझ्या प्रयोगशाळेत नेलंस, तिथला जिनासुद्धा मला पाठ आहे. तुझे सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. माझ्यासाठी कुणी खुर्चीवरून उठावं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. नाही म्हणायला दवाखान्यात उठतात, पण ते आपण पडू म्हणून. मग तू मला ते वितभर रोपटं दाखवलंस, मोहरीच्या नात्यातलं, ज्याच्यावर तू सहा वर्षं घातलीस. खरं सांगते, आपल्या शेतात उगवलं असतं तर निंदताना मी ते पहिलं उपटलं असतं. पण तू सुईनं त्याची कळी सोललीस आणि खाली वाकून बघायच्या त्या दुर्बिणीला माझा डोळा लावलास, तर आत भाकरीवर फोड यावेत तसे बारीक बारीक फुगवटे, गोल फेरात, शिस्तीत बसलेले. मी श्वास रोखून बघत राहिले. माझी नात रोज हे बघते, आणि मला वाटायचं ही पुण्यात नुसते डोळे खराब करून घेतेय.

मग तू दुसरं रोप ठेवलंस. काही न सांगता म्हणालीस, बघ आजी. मी बघितलं. पाकळ्यांच्या आत पाकळ्या, तुरा नाही, पोट नाही. मी तिथंच ओरडले, अगं, ही तर आपली हौदावरची जास्वंद! हिचा तिसरा कामावर आलेला नाही! तुझे सर तुला म्हणाले, तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आजींनी एका वाक्यात आटोपलं. तू तिघांनाही काढून टाकलेलं एक रोप दाखवलंस, त्याच्या फुलाच्या जागी नुसती पानं. म्हणालीस, फूल म्हणजे मुळात पानच. मला ते फार आवडलं. म्हणजे फूल हे कामाला लावलेलं पान. आपण सगळे तसेच की. पण मग मी एक प्रश्न विचारला, तुला आठवतो का? मी विचारलं, या भरगच्च फुलाला बीच नाही, तर तुझ्याकडं हे दर वर्षी येतं कुठून? तू म्हणालीस, त्याच्या भावंडांच्या बियांतून, ती वरून साधी दिसतात, पण हे आत घेऊन चालतात. आणि मग सहज म्हणालीस, आपल्या हौदावरच्या जास्वंदीचं तसं नाही आजी, तिची वाट काडीतूनच पुढं जाते, कुणीतरी आपल्या हातानं काडी लावावी लागते. तिथून परत येईपर्यंत माझ्या डोक्यात ती काडीच होती. तुला वाटलं, मी दमले.

तू पाच-सहा वर्षांची असशील. शेतात विहिरीच्या हौदाशी मी तुला घेऊन बसायची आणि तू हाताला लागेल ते फूल फाडायचीस. तुला फूलफाड्या हे नाव तेव्हाच पडलं. कपाशीचं फूल, भेंडीचं फूल, मारुतीच्या पाराजवळची साधी जास्वंद, तिघींची तू हौदाच्या काठावर रांग लावायचीस. तिघींना पाच-पाच पाकळ्या आणि मधे तो पिवळ्या दाण्यांचा दांडा. तूच मला दाखवलंस की या तिघी एका घराण्यातल्या दिसतात. आणि मग आपली हौदावरची लाल जास्वंद, तिच्या पाकळ्या तू मोजायला घ्यायचीस. मला तेव्हा वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं. तू बोबड्या बोलात मला एकवीस, बावीस शिकवलंस, ते त्या फुलाच्या पाकळ्यांवर. एकदा चौतीसपर्यंत गेलो होतो. आणि दांडा? दांडा नाहीच. तू विचारलंस, आजी, कपाशीला बोंड येतं, भेंडीला भेंडी येते, मग हिला का काही नाही? तुझं आजचं पुस्तक त्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी काय उत्तर दिलं, ते तुला ठाऊक नसेल. मी म्हटलं, नटण्यातच जन्म गेला हिचा. आणि हसले. तूही हसलीस, आजी हसली म्हणून. तुझी आई तिथंच धुणं आपटत होती. तो आवाज थांबला. मग परत सुरू झाला. तुला ते आठवायचं कारण नाही. मला आठवतं.

तुझ्या आईचं पेन आत्ताही थांबलंय. मंगले, लिही. अजून काहीच झालेलं नाही.

आता खुंटीची गोष्ट. तुला ती जशी ठाऊक आहे तशीच गावाला ठाऊक आहे, आणि तुझ्या पहिल्या पानावरही तीच चाललीय. भागाबाईनं हौदाशी विळा अडकवायला लाकडाची खुंटी ठोकली, पावसाळ्यात तिला पालवी फुटली, पुढच्या वर्षी लाल फुलं आली, आणि त्याच वर्षी, नऊ वर्षांच्या वाट पाहण्यानंतर, घरात पाळणा हलला. काय हात आहे बाईचा! शेजारची मालूबाई तर मिरचीचं पहिलं रोप माझ्या हातानं लावून घेतल्याशिवाय वाफ्यात पाय ठेवू द्यायची नाही. कुणाची केळी उशिरा निसवली, घड बाहेर पडायला वेळ लागला, तरी मला बोलवायचे, नुसता हात लाव म्हणून. मी लावायची. वर दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगून यायची. अठ्ठावीस वर्षं मी या हातावर मिरवले, शारदे. आणि ती खुंटी मी ठोकलेलीच नव्हती.

तुझी आई इच्छापूरहून या घरात आली तेव्हा तिच्या पेटीत चार लुगडी, एक पाटी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी होती. तिच्या आईच्या अंगणातल्या जास्वंदीची. तिनं ती आपल्या दाराशी लावली. दुसऱ्या वर्षी फुलली, अशी की येणारी-जाणारी थांबून बघायची. पहिली दोन वर्षं मीही कौतुक केलं, नाही कशाला म्हणू. तिसऱ्या वर्षी बायका विचारायला लागल्या. पाचव्या वर्षी विचारायच्या थांबल्या, ते जास्त वाईट. नवव्या वर्षी मालूबाईच्या घरी नातवाचं बारसं होतं. तिथून मी घुश्शातच परतले, मागं चार बायका. तर तुझी आई दाराशी त्या झाडाला पाणी घालतेय. मी सगळ्यांसमोर म्हटलं, हिच्या माहेरचं झाडसुद्धा हिच्यासारखंच, फुलं हवी तेवढी घ्या, बोंड एक नाही. आणि कुदळ आणून ते झाड मी माझ्या हातानं मुळासकट उपटलं. याच हातानं, ज्याचा गुण सगळ्या गावाला ठाऊक आहे. उकिरड्यावर फेकलं. तुझी आई रडली नाही. आत गेली, कळशी जागेवर ठेवली आणि कणीक तिंबायला घेतली. ती रडली असती तर मी जिंकले असते. तिनं मला तेवढंही मिळू दिलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी मी शेतात गेले तर हौदाशी एक काडी रोवलेली, अंगठ्याएवढी जाड, वरून तिरकी छाटलेली. मला वाटलं, रमेशनं खुंटी ठोकली असेल. विळा अडकवायला बरी म्हणून मी रोज तिच्यावर विळा अडकवायला लागले. पाऊस झाला, पानं फुटली. मी गावभर सांगितलं, बघा, मी ठोकलेल्या खुंटीला पालवी आली. एकदा सांगितल्यावर मलाही ते खरं वाटायला लागलं. माणूस असंच असतं. मग पहिलं फूल उमललं. लाल, भरगच्च, दांडा नसलेलं. असं फूल आख्ख्या फोपनारात दुसरं नव्हतं, एकच होतं, आणि ते मी उकिरड्यावर टाकलं होतं. तुझी आई हौदावर धुणं धूत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. तिला कळलं की मला कळलंय. त्या वेळी एक शब्द बोलले असते तर अठ्ठावीस वर्षं वाचली असती. मी काय बोलले माहितीय? म्हटलं, बघ मंगले, माझ्या हाताला कसा गुण आहे. आणि ती म्हणाली, हो आत्या. मी विळा काढून घेतला आणि परत कधी त्याच्यावर अडकवला नाही, एवढीच माझी लाज.

आता अजून एक, तेही होऊन जाऊ दे. तुझ्या आईबापानं बुऱ्हाणपूरच्या डॉक्टराला दाखवलं होतं. त्यानं दोघांना तपासलं आणि गोळ्या दिल्या त्या रमेशला. चार महिने गोळ्या रमेशनं खाल्ल्या आणि इच्छादेवीचा नवस मी फेडला. गावाला मी नवसाचं सांगितलं, गोळ्यांचं नाही. इथं तुझ्या आईनं पेन खाली ठेवलं होतं. म्हणते, आत्या, पोरीला कशाला हे? मी म्हटलं, पोरगी जनुकांची डॉक्टर होतेय, तिच्यापासून आपण घरातलं काय झाकणार? ती एका कळीवरून सांगते, कोणत्या फेरावरचा मुकादम आला नव्हता. मी नऊ वर्षं पाकळ्यांना शिव्या दिल्या, आणि तुझ्या दुर्बिणीला डोळा लावला तेव्हा मला उमजलं की पाकळ्यांनी तर दुसऱ्यांच्या रिकाम्या जागासुद्धा भरून काढल्या होत्या. हे तुझ्या प्रबंधात लिहिलंय की नाही, मला माहीत नाही. नसेल तर राहू दे, तुझे सर म्हणतील म्हातारीनं चौथं प्रकरण सुरू केलं.

बाकी बरं आहे. यंदा घड चांगले निघालेत, तुझा बाप बागेतून हलत नाही. मालूबाईला मी तुझं पुण्याहून आलेलं चित्र दाखवलं, ते कळीच्या फुगवट्यांचं. ती म्हणाली, हे काय, इडल्या? तिला सगळं समजावायला दोन दुपारी लागल्या. आता ती माझ्याहून जोरात सांगत सुटलीय आणि त्यात यादवाला तिनं आपल्या जावयाचं नाव दिलंय, कारण तोही कधी वेळेवर येत नाही. आपल्या गावात शिकून मोठी झालेली मुलं पुष्कळ असतील, पण जिचं शिक्षण बायका ओट्यावर बसून डाळ निवडता निवडता एकमेकींना सांगतात, अशी तू एकटीच. मला तुझा अभिमान वाटतो असं मी तुला कधी म्हटलं नाही, कारण तोंडावर स्तुती केली की तू फुगतेस आणि मग जेवत नाहीस. पत्रात म्हटलेलं चालतं. वाटतो. फार वाटतो. तुला अक्षरं कुणी शिकवली, हे मात्र तू पहिल्या पानावर विसरलीस. माहेराहून आणलेली ती पाटी तुझ्याच हातात दिली होती ना कुणीतरी?

परवा तुझं ते पान वाचून दाखवताना तुझ्या आईचा आवाज जरासुद्धा हलला नाही. ‘जिच्या हातानं खुंटीलाही पालवी फुटली’, तिनं नीट, सावकाश वाचलं. चष्मा काढला, पदरानं पुसला आणि म्हणाली, किती छान लिहिलंय शारदानं, आत्या, तुमचं नाव ठळक छापायला सांगूया. आणि वरणाला फोडणी द्यायला आत गेली. तिचा हो मी अठ्ठावीस वर्षं पचवला, पण हा पचेना. दोन दिवस मी ओट्यावर बसून विचार केला. तिला समोर बसवून सांगायला गेले असते, तर पहिल्याच वाक्याला ‘असू द्या आत्या’ म्हणून ती उठून गेली असती आणि माझंही फावलं असतं. पत्र लिहिताना तिला उठता येत नाही. म्हणून हे पत्र, शारदे. पाकिटावर नाव तुझं आहे, पण मी बोलले ते जी लिहितेय तिच्याशी. मंगले, माझं चुकलं. हेही लिही. आणि आता त्या कोऱ्या जागेत हे छापायचं, ‘माझ्या आईस, मंगला रमेश महाजन, जिनं उपटलेल्या झाडाची काडी जगवली.’ ही ओळ मी तीनदा सांगितली. पहिल्यांदा हिला ऐकू आलं नाही, दुसऱ्यांदा पेनातली शाई संपली, तिसऱ्यांदा काहीतरी लिहिलं खरं, काय ते मला दिसत नाही. गिरधरकडून वाचून घेणार होते, ते आता रद्द. पाकीट हीच बंद करेल. तर शारदे, तुला त्या ओळीत माझंच नाव दिसलं, तर समज की अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या आईनं माझं ऐकलं नाही. मला आनंदच होईल. पण छापायचं तिचंच.

तुझीच,
वीसच्या पुढं तुझ्याकडून शिकलेली,
अंगठेबहाद्दर आजी

(अंगठा हौदावरच्या फुलाच्या पाकळीच्या रसात बुडवून लावलाय. लाल लावला तरी वाळल्यावर जांभळट होतो. फूल तुझ्या आईनं तोडून दिलं.)